गल्ल्यावरचं जुनं कॉम्प्युटर: आधी काय बदलायचं, काय राहू द्यायचं

एक दुकान नव्या पेठेत, एक जुळे सोलापुरात, एखादं होटगी रोडला आणि शाखा बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटला. अशा चार-सहा दुकानांच्या साखळीत बिलिंगची अवस्था बहुतेक सारखीच असते. २००९-१० च्या सुमारास घेतलेले संगणक, त्यावर विंडोज एक्सपी नाहीतर सेव्हन, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेत लिहिलेलं सॉफ्टवेअर आणि खरखर करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सॉफ्टवेअर लिहून देणारा कधीच पुण्याला गेलेला आणि एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) दोन वर्षं थकलेली. धंदा मंदावला की मालकाला दोनच वाटा दिसतात. एक, चालतंय तोवर चालू द्यावं. दुसरी, कुणीतरी मोबाइलवर दाखवलेलं टचस्क्रीनचं नवंकोरं काउंटर घ्यावं. पहिल्या वाटेनं पैसा थेंबाथेंबानं जातो, दुसरीनं एकदम.

खरं तर जुनं काउंटर बंद पडतं ते बहुतेक वेळा शंभर रुपयांच्या आतल्या किंवा दोन-तीन हजारांच्या वस्तूमुळे. चुकीचं बिल देतं ते कराच्या तक्त्यामुळे. या दोन्हींचा टचस्क्रीनशी काही संबंध नाही. हात आखडता असेल तर क्रम असा धरावा: वीज, डिस्क, तारीख, डेटा, कर, प्रिंटर आणि सर्वांत शेवटी दिसायला छान वस्तू.

सुरुवात यूपीएसपासून. काउंटरखालच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते. तिचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ते जवळपास निम्मं होतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ च्या पुढे जातो, काउंटरखालच्या कोंदट कप्प्यात त्याहून जास्त. त्यामुळे इथे बॅटरी दोन उन्हाळे काढते, तिसऱ्याला दगा देते. चाचणी सोपी आहे. दुकान बंद करताना सगळी बिलं झाल्यावर सॉफ्टवेअरमधून बाहेर पडा, संगणक आणि प्रिंटर चालू ठेवा, यूपीएसचा प्लग काढा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांच्या आत आचका दिला तर बॅटरी बदला, अख्खा यूपीएस नको. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की सिरियल पोर्टला (संगणकामागच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीला) लावलेली वजनकाटा, डिस्प्ले ही यंत्रं आधी जातात. त्याचं कारण बहुतेकदा अर्थिंगमध्ये सापडतं. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावा. तो दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर यंत्रं बदलत बसण्यात अर्थ नाही.

मग डिस्क. दहा-बारा वर्षं फिरलेली हार्डडिस्क अजून चालते म्हणजे ती चांगली आहे असं नव्हे. ‘स्मार्ट’, म्हणजे डिस्कनं स्वतःच नोंदवलेली तब्येतीची माहिती दाखवणाऱ्या कुठल्याही फुकट प्रोग्रॅममध्ये ‘पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ हे दोन आकडे, म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि बिघडल्यामुळे बदललेल्या तुकड्यांची संख्या, पाहावेत. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर दिसला की त्या मशीनवर त्याच दिवशी काम थांबवावं. डिस्क स्कॅन चालवू नये, डीफ्रॅग म्हणजे फाइलींची फेररचनाही नाही. मरायला टेकलेली डिस्क त्या श्रमानंच मरते. आधी पूर्ण प्रत काढायची. निरोगी डिस्कची प्रत क्लोनझिला या प्रोग्रॅमनं निघते, आजारी डिस्कसाठी डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम, कारण ते वाईट भाग सोडून आधी चांगला भाग उचलतं. प्रत एसएसडीवर (फिरणारे भाग नसलेल्या डिस्कवर) घेतली की जुनं यंत्र एकदम हलकं होतं. दोन गोष्टी मात्र आडव्या येतात. एक्सपीला ट्रिम ही (पुसलेली जागा एसएसडीला कळवण्याची) सोय माहीत नाही आणि तो पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतो, त्यामुळे एसएसडी हळू चालते आणि लवकर झिजते. पार्टिशन २०४८ व्या सेक्टरपासून सरकवून घ्यावं आणि थोडी जागा रिकामी सोडावी. फार जुन्या मशीनला डिस्क जोडायला साटा पोर्टच नसेल, त्याआधीचं आयडीई असेल, तर त्यावर खर्च करू नये. काढलेल्या डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवून ती कपाटात ठेवा. डिस्क निरोगी असेल तर तो त्या दिवसापर्यंतचा बॅकअप.

तारखेचं दुखणं दिसायला क्षुल्लक, पण त्यानं घातलेला गोंधळ निस्तरायला महिना जातो. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल असतो, ३ व्होल्टचा. तो उतरला की वीज गेल्यावर घड्याळ मागे जातं, कधी थेट बोर्ड बनला त्या वर्षापर्यंत. मग सकाळची पहिली वीस बिलं जुन्या आर्थिक वर्षात नोंदली जातात, क्रमांकांची मालिका फिरते आणि जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) भरताना सीएच्या ऑफिसातून फोन येतो. लायसन्सचा डोंगल (पोर्टला लावायची किल्ली) असेल तर तोही तारीख बघून रुसतो. एका सेलला वडापावाच्या दोन प्लेटांहून जास्त पैसे पडत नाहीत. सगळ्या काउंटरचे सेल एकाच दिवशी बदलून टाका. आणि गल्ला उघडताना सुट्ट्या पैशांसोबत पडद्यावरची तारीखही वहीत लिहायची सवय बिलिंगच्या मुलांना लावा.

आता डेटा. फॉक्सप्रोची एक डीबीएफ (नोंदींची) फाइल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. बिलातल्या एका ओळीला २०० बाइट धरले तर साधारण १ कोटी ७ लाख ओळी मावतात. दिवसाला ४०० बिलं, प्रत्येकात आठ वस्तू, म्हणजे रोज ३,२०० ओळी. भागाकार केला तर सव्वानऊ वर्षं. ‘इतकी वर्षं नीट चाललं, अचानक काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा या भागाकारात असतं. सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसवर असेल तर २००५ आणि २००८ च्या आवृत्तीला डेटाबेसची मर्यादा ४ जीबी, २००८ आर२ पासून २०२२ च्या आवृत्तीपर्यंत १० जीबी. मर्यादा भरली की जुनी बिलं दिसतात, रिपोर्ट निघतात, फक्त नवं बिल सेव्ह होत नाही. तेही नेमकं संध्याकाळी सात वाजता. उपाय एकच: मागच्या वर्षांची बिलं वेगळ्या डेटाबेसमध्ये हलवायची. फाइलचा आकार महिन्यातून एकदा नुसता बघितला तरी सहा महिने आधी कळतं.

वीज गेल्यावर फॉक्सप्रोत आणखी एक होतं. मूळ फाइल आणि इंडेक्सची (शोधसूचीची) फाइल यांचा मेळ तुटतो. लक्षण असं: बारकोड मारला की वस्तू सापडत नाही, पण नावानं शोधली तर सापडते. रीइंडेक्स केलं की जागेवर येतं. मात्र ते करताना सगळे काउंटर बाहेर हवेत आणि आधी फोल्डरची प्रत काढलेली हवी.

सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं ते कराबद्दल, कारण जुन्या सॉफ्टवेअरची खरी गाठ तिथे आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले, ५ आणि १८ उरले, निवडक वस्तूंना ४०. बिस्किटं १८ वरून ५ वर, तूप-लोणी १२ वरून ५ वर, अंघोळीच्या साबणाची वडी, शाम्पू, टूथपेस्ट ५ वर. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, त्याच दिवशी घटस्थापना. म्हणजे पितृपंधरवड्यातली मंदी संपून नवरात्राची गर्दी सुरू होण्याच्या एका रात्रीत तक्ता बदलायचा होता. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दर हा वस्तूच्या नोंदीतला एक रकाना असतो. लोकांनी तो पुसून नवा आकडा लिहिला आणि काम झालं म्हणाले.

झालं नाही. २० सप्टेंबरला १८ टक्क्यांनी विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट (परतीचं बिल) मूळ बिलाच्या दरानंच निघायला हवी. रकाना पुसलेलं सॉफ्टवेअर ती ५ टक्क्यांनी काढतं. म्हणून दराला ‘अमुक तारखेपासून’ असा वेगळा तक्ता हवा: वस्तू किंवा तिचा एचएसएन (वर्गीकरणाचा कोड), दर, लागू तारीख. सॉफ्टवेअर बदलणं शक्य नसेल तर निदान परतीचं बिल मूळ बिल क्रमांक टाकल्याशिवाय बनू देऊ नका आणि दर त्या बिलाच्या ओळीतून उचला.

पैशांचा एक छोटा झोल बघा. २० रुपये एमआरपीचा बिस्किटपुडा, ५ टक्के. १.०५ नं भागलं की १९.०४७६, म्हणजे १९.०५. कर ०.९५२, त्याचा अर्धा ०.४७६, म्हणजे सीजीएसटी ०.४८ आणि एसजीएसटी ०.४८. बेरीज? २०.०१. एमआरपीच्या वर एक पैसा. दिवसभरातल्या अशा पुड्यांमुळे गल्ला आणि विक्रीचा रिपोर्ट जुळत नाही आणि संशय उगाच कॅशियरवर जातो. दुरुस्ती सूत्रात आहे: आधी दोन्ही कर राउंड करायचे, मग करपात्र रक्कम भागाकारानं न काढता एमआरपीतून वजा करून काढायची. २० वजा ०.९६, म्हणजे १९.०४. एका ओळीचा बदल आहे, जुना प्रोग्रॅमर फोनवरही सांगू शकेल.

कपड्यांचं गणित त्याहून तिरकं. तयार कपड्यांना एका नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यावर गेली की १८. जुनी सॉफ्टवेअर दर ठरवताना एमआरपीकडे बघतात. पण विचारात घ्यायची ती सवलतीनंतरची, कर वगळून उरणारी किंमत. ३,००० चं जाकीट सेलमध्ये २५ टक्के सुटीनं २,२५० ला दिलं आणि बिलात १८ टक्के दाखवले तर दर चुकला. आणि या सगळ्यात एक खड्डा आहे. गिऱ्हाइकाला करासकट २,८०० सांगितले, तर ५ टक्क्यांनी मूळ किंमत २,६६६.६७ येते, म्हणजे मर्यादेच्या वर, म्हणून १८ लावायला हवा. १८ लावला तर मूळ किंमत २,३७२.८८, म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून ५! करासकट २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंतच्या प्रत्येक किमतीला हा भोवरा लागतो. काही प्रोग्रॅम इथे अक्षरशः अडकतात, काही जो दर आधी सापडला तो लावून मोकळे होतात. सीएशी बोलून धोरण ठरवा, पण त्याहून सरळ म्हणजे सेलच्या किमती या पट्ट्यात ठेवूच नका. २,६२५ किंवा त्याखाली, नाहीतर २,९५० च्या वर. चादर, टॉवेल, पडदे यांनाही २,५०० चीच रेघ आहे. आपल्याकडची बहुतेक चादर त्याच्या कितीतरी खाली असते, म्हणून चादरवाल्यांना हा ताप कमी.

बिल क्रमांकाचा नियमही जुनी सॉफ्टवेअर मोडतात. क्रमांक जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा हवा, एका आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये आणि ओळीनं चालायला हवा. प्रत्येक काउंटरला वेगळी मालिका दिली तर चालते, आणि देणंच बरं, कारण नेटवर्क तुटल्यावर दोन काउंटर एकच क्रमांक देऊन बसतात. बार्शीच्या दुसऱ्या काउंटरसाठी ‘बीआर२/२५२६/०००१२३’ पुरे. दुकानाचं अख्खं नाव त्यात कोंबायचा मोह टाळा.

एका बारकोडला एकच एमआरपी ही जुनी समजूतही महाग पडते. एकाच साबणाच्या जुन्या आणि नव्या किमतीच्या वड्या फळीवर शेजारी शेजारी असतात, बारकोड तोच. सॉफ्टवेअरनं नवी किंमत धरली आणि हातात जुनी स्वस्त वडी असेल तर बिल छापील किमतीच्या वर जातं आणि तो कायद्यानं गुन्हा आहे. स्कॅन केल्यावर एकाहून जास्त एमआरपी असतील तर पडद्यावर विचारणारी खिडकी यायलाच हवी. ही सोय नसेल तर मात्र सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली म्हणायचं.

सुट्या मालाचा बारकोड. शेंगदाणे, ज्वारी, शेंगदाणा चटणी तोलून चिकटवलेल्या लेबलवर २ नं सुरू होणारा तेरा आकडी कोड असतो. उदाहरणार्थ २१००४५७००७५०३. पहिले दोन आकडे दुकानातल्या वापराची खूण, पुढचे पाच (००४५७) वस्तू, पुढचे पाच (००७५०) ग्रॅममधलं वजन, शेवटचा ३ हा ताळ्याचा आकडा. काही काटे त्या पाच आकड्यांत वजनाऐवजी किंमत भरतात. नवा काटा आणला, सेटिंग पाहिलं नाही, तर ७५ रुपयांची चटणी साडेसात किलो होऊन बिलात येते. काट्याची वर्षाला एकदा होणारी वैधमापन खात्याची पडताळणी चुकवू नका, आणि त्याच दिवशी वस्तूंचे पाच आकडी कोड काट्यात आणि संगणकात एकच आहेत ना, हेही पडताळा.

प्रिंटरबद्दल थोडक्यात. डॉट मॅट्रिक्स बिलाला वीस-पंचवीस सेकंद घेतो, थर्मल (उष्णतेनं छापणारा) दोन-तीन. गिऱ्हाइकामागे ९० सेकंद लागत असतील तर तासाला ४० बिलं होतात, ११५ लागले तर ३१. सहा ते नऊ या गर्दीच्या वेळात एका काउंटरमागे सत्तावीस गिऱ्हाइकांचा फरक. म्हणून नव्या वस्तूंपैकी पहिली घ्यायची ती ८० मिमीची थर्मल. डॉस काळातलं सॉफ्टवेअर थेट एलपीटी१ या जुन्या प्रिंटर पोर्टकडे छापतं. यूएसबी प्रिंटरला नेटवर्कवर शेअर करून ‘नेट यूज’ आज्ञेनं एलपीटी१ त्याच्याकडे वळवता येतं. चाळीस अक्षरांचं बिल ४८ अक्षरांच्या रुंदीवर डावीकडे चिकटेल, ते टेम्प्लेटमध्ये सुधारा. कागद कापायला २९, ८६, ० आणि गल्ला उघडायला २७, ११२, ०, २५, २५० हे दशमान कोड बहुतेक थर्मल प्रिंटर मानतात. रुपयाचं चिन्ह जुन्या फाँटमध्ये नसतं, प्रश्नचिन्ह छापलं जातं. तिथे सरळ ‘रु.’ लिहा. बिलावर वस्तूंची नावं मराठीत असावीत ही इच्छा रास्त आहे, पण बहुतेक प्रिंटरना देवनागरी चित्र म्हणूनच छापावी लागते. ते काम नंतरच्या यादीत. छपाईत उभी पांढरी रेघ आली तर आधी प्रिंटर बंद करून थंड होऊ द्या आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं हेड पुसा. तरी राहिली तर हेडचा ठिपका मेला, हेड बदला. रोल पत्र्याच्या गोदामात किंवा उन्हात उभ्या टेम्पोत ठेवू नका, कागद करडा पडतो.

यूपीआयला एक्सपीच्या मशीनची गरज नाही. उलट त्या मशीनला इंटरनेट देऊच नये. एक्सपीची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ ला थांबली, सेव्हनची १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. कार्ड मशीन तिच्या स्वतःच्या सिमवर चालू द्या. तीन काउंटरना मिळून एकच क्यूआर आणि एकच साउंडबॉक्स ही सवय मात्र मोडा. ‘एकशे ऐंशी रुपये प्राप्त’ म्हटल्यावर तिन्ही काउंटर मान वर करतात. प्रत्येक काउंटरचा क्यूआर वेगळा असावा. जमल्यास बिल होताच रक्कम आणि बिल क्रमांक भरलेला क्यूआर छोट्या पडद्यावर दाखवावा. क्यूआर म्हणजे शेवटी ठरावीक नमुन्याची एक ओळ असते, जुनं सॉफ्टवेअरही ती बनवू शकतं. पैसे आल्याची खात्री मात्र साउंडबॉक्स किंवा बँकेच्या अ‍ॅपवरूनच. गिऱ्हाइकाच्या फोनवरचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे.

आणि शेवटी बदलायचंच ठरलं तर वेळ निवडा. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या जानेवारीत नको, दिवाळीच्या आधीही नको. ३१ मार्चच्या आसपास सीए आणि सॉफ्टवेअरवाला दोघेही फोन उचलत नाहीत. पितृपंधरवडा उत्तम. एकाच दुकानातलं एकच काउंटर आधी, आठ दिवस. रोज रात्री बेरीज जुन्याशी ताडायची. वस्तूंची यादी नव्यात नेताना ती एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. तेरा आकडी बारकोड ‘८.९ई+१२’ असा दिसतो आणि सेव्ह केला की शेवटचे आकडे शून्य होऊन बसतात. काट्याच्या कोडातली पुढची शून्यंही गळतात, ००४५७ चं ४५७ होतं. बारकोडचा रकाना ‘टेक्स्ट’ निवडूनच आयात करावा. जुन्या यादीत नावं एखाद्या जुन्या मराठी फाँटमध्ये असतील तर ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतील. ते काम कन्व्हर्टर नव्वद टक्के करतो, जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावे लागतात.

जुनं मशीन भंगारात देऊ नका. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. २०२४-२५ ची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे त्या वर्षाची बिलं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत काढून दाखवता यायला हवीत. जुन्या सॉफ्टवेअरसह एक काउंटर डोंगलसकट बाजूला ठेवा. त्याला नवा सेल घाला, नेटवर्कची केबल काढा आणि दर तीन महिन्यांनी एकदा चालू करून २०२४ मधलं कुठलंही एक बिल पडद्यावर उघडून बघा.